नवा टीव्ही आणि दादाचा अंगठा

दुकानात जाऊन गेमसाठी टीव्ही मागितला की दुकानदार मला आधी विचारतो, "मुलासाठी का, मॅडम?" चाळिशी ओलांडलेली, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करणारी, सुती साडीतली बाई व्हिडिओ गेम स्वतःसाठी खेळते, हे काही लोकांच्या पचनी पडत नाही. मी तसं सांगितलं की तो माझ्या नवऱ्याकडे पाहतो. नवरा मान हलवतो. त्याला आता सवय झाली आहे.

या नादाला मला लावलं दादानं, माझ्या मोठ्या भावानं. भातकुलीजवळच्या गावात आमचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता. झेंडू तोडून, पोती भरून दादा अमरावतीच्या बाजारात जायचा, आणि एकदा परत येताना त्यानं कॅसेटवाला व्हिडिओ गेम आणला. त्या दिवसापासून आम्हा दोघांची भांडणं, मैत्री, रुसवे-फुगवे सगळं त्या टीव्हीसमोर झालं. वडील वांग्याच्या ओळीतून हाका मारत आणि दादा तिथूनच ओरडे, "आलो, आलो, एक लाइफ राह्यली." ती एक लाइफ काही केल्या संपत नसे.

पुढे माझं लग्न अमरावतीत झालं आणि दादानं अकोल्याला फुलांचं दुकान टाकलं. दिवाळीत फुलवाल्याला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून भाऊबीजेला तो माझ्याकडे येत नाही, मीच अकोल्याला जाते. आणि आमच्याकडे एक पद्धत पडून गेली. पाट मांडलेला असतो, निरांजन तयार असतं, पण दादा आधी पाटावर बसत नाही. आधी क्रिकेटची एक मॅच. तो बॅटिंग करणार, मी बोलिंग करणार, आणि वहिनी ताट धरून दारात उभी राहून आम्हा दोघांचा उद्धार करणार. "तेल जळून चाललं," ती म्हणते. दादा आउट झाला की ओवाळायचं असं ठरलेलं, पण तो आउटच होत नाही. शेवटी वहिनी टीव्ही बंद करते.

दादाचा हातच तसा होता. दुकानात गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता तो हार ओवायचा, बोटांकडे बघायचाही नाही. तीच बोटं गेमचा रिमोट धरायची. त्याला कंट्रोलर म्हणतात हे मला माहीत आहे, पण आमच्याकडे तो रिमोटच.

मागच्या वर्षी आमचा जुना टीव्ही गेला. मी ठरवून चांगला घेतला. आपला कन्सोल, म्हणजे गेमचा डबा, सेकंदाला एकशेवीस चित्रं काढू शकतो आणि आपण त्याला इतकी वर्षं तिसावर दाबून बसवलंय, हे मला बघवत नव्हतं. घरी आणला, सेटिंगमध्ये जाऊन एकशेवीस हर्ट्झ केलं, टीव्हीचा गेम मोड लावला आणि मोठ्या हौसेनं बसले. पाच मिनिटांत मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

सगळं लग्नाच्या शूटिंगसारखं दिसत होतं. जंगल होतं, घोडा होता, डोंगरावर किल्ला होता, पण इतकं गुळगुळीत आणि इतकं सरळसोट खरं, की आता झाडामागून एखादी मावशी जिलबीचं ताट घेऊन येईल आणि कॅमेऱ्याकडे बघून लाजेल असं वाटत होतं. जुन्या टीव्हीवर तीस चित्रांत तोच घोडा अडखळत धावायचा, पण त्यात एक रुबाब होता. शिवाय माझ्या उड्या चुकायला लागल्या. कड्याच्या टोकावर पोचायच्या आधीच मी उडी मारी आणि दरीत जाई. नवऱ्याला माहितीपुस्तिका वाचायचा छंद आहे. तो म्हणाला, "जुन्यासारखं करून देऊ का?" मी म्हटलं, हात लावायचा नाही. घेतलाय तर त्याच्या पूर्ण जोरावरच चालवणार.

काही आठवड्यांत डोळा बसला आणि हातही बसला. इतका, की एकदा मैत्रिणीकडे तिच्या मुलाचा गेम तीस चित्रांवर चाललेला पाहिला तर मला तो पत्ते पिसल्यासारखा वाटला. आपल्याला कधी त्रास झाला होता हेच मी विसरून गेले. चावणारी चप्पल एकदा सैल झाली की ती चावत होती हे कुणाच्या लक्षात राहतं?

मग उन्हाळ्यात दादाला अर्धांगाचा झटका आला. सकाळी दुकानात हार ओवताना सुई हातातून पडली, ती उचलायला गेला तर बोटं ऐकेनात. वहिनीनं शहाणपण केलं, शटर अर्धं ओढून त्याला तसाच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. म्हणून वाचला. चालणं, बोलणं सगळं शाबूत राहिलं. उजवा हात तेवढा मागे राहिला. पेला धरता यायचा, शर्टाचं बटण लावता यायचं नाही. आणि हार ओवणं तर दूरच.

पावसाळा सरता सरता मी त्याला अमरावतीला आणलं. आमच्या घराजवळ एक चांगली फिजिओथेरपीवाली आहे, तिला आम्ही डॉक्टरीणबाई म्हणतो. दुकान वहिनी बघत होती, सुटी फुलं विकत होती, पण हार बाहेरून आणावे लागत आणि जुनी गिऱ्हाइकं नाकं मुरडत होती. दसरा यायचा होता. फुलवाल्यासाठी दसरा म्हणजे वर्षाचा दिवस, आणि दसऱ्यापर्यंत हात चालायला लागला तर दुकानात बसायचं, असं दादानं मनाशी धरलं होतं. बाजूचा नारळवाला दुकान मागतच होता. त्यालाही दसऱ्याच्या आधी उत्तर हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मातीचे गोळे वळायला सांगितले, चिमटे दाबायला सांगितले. दादाचा गेमचा नाद ऐकून त्या म्हणाल्या, "मग तर उत्तमच. खेळू द्या त्यांना. फक्त तुम्ही लक्ष ठेवा, अंगठा पहिल्या सांध्यातून वाकतो का ते बघा. आत्ता ते सगळा हात ढकलतात."

आजारानंतर दादानं रिमोट हातात धरलाच नव्हता. मला वाटलं, त्याचं असं स्वागत करावं की त्याचे डोळे दिपले पाहिजेत. आमच्याकडेही तेच क्रिकेट होतं. मी रंग चढवले, उजेड चढवला, एकशेवीस तर होतंच. दादा सोफ्यावर बसला, मैदान पाहिलं, हिरवळीची पाती न् पाती दिसत होती. "टीव्ही भल्ला मस्त घेतला वं," तो म्हणाला, आणि पहिल्याच चेंडूवर त्याची दांडी उडाली.

"सवय तुटली," मी म्हटलं.

दुसऱ्यावरही तेच. तिसरा बॅटला लागला, पण वर उडाला आणि झेल गेला. अकोल्याच्या त्या घरात जो माणूस ओवाळणीचं तेल जळेपर्यंत आउट होत नसे, तो माझ्या घरी दोन चेंडू टिकेना. प्रत्येक वेळी पडद्यावर खाली फटका चुकल्याची लाल पट्टी यायची. त्याच्या घरी ती कायम हिरवी असायची. दादानं रिमोट टीपॉयवर पालथा ठेवला आणि उजव्या हाताकडे बघत बसला.

"हात गेला माहा," तो म्हणाला.

"एका दिवसात ठरवतं का कुणी?"

"एक दिवस काय अन् दहा दिवस काय. चेंडू दिसते मले. हातच पोचत नाई."

पुढचे काही दिवस हेच चाललं. मातीचे गोळे तो निमूट वळायचा, पण त्यावर त्याचा विश्वास नव्हता. गोळा कुणालाही वळता येतो, असं त्याचं म्हणणं. त्याची खरी परीक्षा टीव्हीवर होती आणि तिथे तो रोज नापास होत होता. एका सकाळी तो गच्चीवर फोनवर बोलताना मला ऐकू आला. "नारळवाल्याले हो म्हणून टाक. घेऊ दे त्याले दुकान." थोड्या वेळानं वहिनीचा मला फोन आला. ती रडत होती. "त्याइले दुकानातून काढलं तर ते दिवसभर करतीन काय, बाई?" ती म्हणाली. नारळवाल्याला तिनं अजून काही कळवलं नव्हतं.

मग मी एक आगाऊपणा केला. दादा अंघोळीला गेला होता तेव्हा गेम सगळ्यात सोप्यावर नेऊन ठेवला. दुपारी त्याला आग्रह करून बसवलं. चेंडू लोण्यासारखा मऊ आला, दादानं चौकार मारला. दुसरा चौकार मारला. मी टाळ्या वाजवल्या. दादानं खेळ थांबवला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"मले लेकरू समजून राह्यली का तू?"

तो उठला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपला. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे घासत बसले.

त्यानंतर त्यानं रिमोटला हात लावला नसता. पण डॉक्टरीणबाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या खेपेला त्यांनी मला सरळच विचारलं, अंगठा वाकतो का? मला सांगताच येईना. मी आजवर टीव्हीकडे बघत होते, दादाच्या अंगठ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन मी त्याला म्हटलं, हरायचं तर हर, पण मला अंगठा बघायचा आहे. गोळी गिळावी तशा चेहऱ्यानं तो बसला. मी त्याच्या गुडघ्याशी खाली बसले, टीव्हीकडे पाठ करून, आणि नजर अंगठ्यावर रोवली.

अंगठा वाकत होता. थोडा, पण पहिल्या सांध्यातून वाकत होता. मी ते सांगणारच होते, तेवढ्यात मला दुसरंच काहीतरी खटकलं. डोळ्यांसमोर फक्त अंगठा असल्यामुळे बाकी सगळं मी कानांनी ऐकत होते. आधी बटणाचा टक् असा आवाज येत होता. मग चेंडूचा टप्पा. मग दांडी उडाल्याचा आवाज. मला वाटलं एखाद्या वेळी झालं असेल. पुढच्या चेंडूलाही तेच. आधी टक्, मग टप्पा. त्याच्या पुढच्यालाही.

ज्याचा हात मागे राहिला आहे त्याचं उलटं व्हायला हवं होतं.

"थांब," मी म्हटलं आणि मागे वळले. टीव्हीवर लाल पट्टी होती. तिच्याखाली बारीक अक्षरं होती. ती आम्ही कधी वाचलीच नव्हती, कारण दादाच्या घरी पट्टी हिरवी असे आणि हिरव्यात वाचण्यासारखं काही नसतं. मी चष्मा लावला. पट्टीखाली लिहिलं होतं, 'अर्ली'.

"लाल म्हंजे चुकलं," दादा म्हणाला. "मले मालूम हाये."

"चुकलं, पण लवकर. तू लवकर मारतोयस दादा."

नवरा पेपर बाजूला ठेवून उठला. त्यानं एक ओव्हर उभ्यानं पाहिली आणि कपाळावर हात मारला. "दादा, तुमच्या घरचा टीव्ही कसा हाये माहीत हाये का? कन्सोलनं चित्र पाठवलं की तो आधी त्याले पावडर लावते, रंग लावते, केस विंचरते, अन् मग तुमच्यासमोर उभं करते. तवापर्यंत खरा चेंडू येऊनही गेलेला असते. तुमाले ते कळलं नाई, पण तुमच्या हाताले कळलं होतं. तो चेंडू दिसायच्या आधीच मारत होता. इथं गेम मोड हाये, म्हंजे पावडर बंद. चेंडू जवा येते तवाच दिसते. अन् तुमी अजून तिकडल्या हिशोबानं मारून राह्यले."

माझ्या डोळ्यांसमोर तो कडा आला, ती दरी आली, आधीच मारलेल्या उड्या आल्या. मला स्वतःला हेच झालं होतं. आणि मी ते साफ विसरून, भावाला त्याच दरीच्या काठावर नेऊन उभं केलं होतं, तेही हौसेनं.

दादाचा विश्वास बसेना. "मले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यले तुमी," तो म्हणाला. एकदा फसवलेलं असल्यामुळे मला काही बोलायला तोंड नव्हतं. मग नवऱ्यानं त्याच्यासमोर टीव्हीचा रिमोट घेतला. गेम मोड काढला, हर्ट्झ उतरवले, चित्र सुधारण्याच्या जेवढ्या म्हणून करामती होत्या तेवढ्या सगळ्या चालू केल्या. गेम किती अवघड ठेवला आहे तेही दादाला दाखवलं. मैदान थोडं मळकं झालं, खेळाडू जरा अडखळत चालायला लागले. पहिला चेंडू चुकला. दुसरा त्यानं कव्हरमधून मारला तो सीमेपार गेला, आणि पट्टी हिरवी झाली. तिसरा गेला. चौथा गेला. दादा रिमोट मांडीवर ठेवून उजव्या हाताचा अंगठा डाव्या हातानं चोळत बसला, आणि मला रडू आवरेना. चांगलं हुंदके देऊन रडले मी.

"रडते काऊन, येडी बह्याड?" दादा म्हणाला.

मी डोळे पुसून म्हटलं, "आता असंच ठेवते. तू खेळ पाहिजे तेवढा."

"नाई. पयले होतं तसं कर."

"तिथं आउट होशील परत."

"होऊ दे. तिथं माहा हात जे करते ते तवाच दिसते. मले तेच पाह्याचं हाये. थांबाले शिकतो मी."

थांबायला शिकतो, हे दादानं म्हणावं. गाडी सुटायच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन बसणारा, चहा उकळायच्या आधी कप पुढे करणारा माझा भाऊ. पण तो शिकला. रोज दुपारी जेवण झालं की बसायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "येऊ दे, येऊ दे त्याले." लाल पट्ट्यांत अधूनमधून एखादी हिरवी दिसायला लागली, मग लागोपाठ दोन. मधेच एकदा 'लेट' आलं तर त्यानं मला हाक मारून दाखवलं. आता तो मातीचे गोळेही मन लावून वळत होता. एकदा मी बाजारातून शेवंती आणली, सुई-दोरा त्याच्यासमोर ठेवला आणि भाजी निवडायला गेले. परत आले तेव्हा वीतभर हार झाला होता. कुठे दोन फुलं एकमेकांवर चढली होती, कुठे दोरा दिसत होता. दादा हार लांब धरून त्याच्याकडे बघत होता.

त्यानं वहिनीला फोन लावला. "नारळवाल्याले सांग, दसऱ्याले ये म्हणा. पण गिऱ्हाईक म्हणून ये."

दसऱ्याला तो दुकानात बसला. पूर्वीसारखा वेग नव्हता, अर्धे हार बाहेरून आणलेले होते, आणि कुणी घाई केली की दादा म्हणे, "थांब नं बापा, हार होऊन राह्यला, जादू नाई." हे मला वहिनीनं सांगितलं. सांगताना ती हसत होती.

भाऊबीजेला मी अकोल्याला गेले. पाट मांडला होता, वहिनी ताट घेऊन दारात उभी होती, आणि दादा त्याच्या जुन्या टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसला होता. आजारानंतर या टीव्हीवर तो पहिल्यांदाच खेळत होता. मी पहिला चेंडू टाकला. दादा थांबला, नीट थांबला, मग अंगठा दाबला. दांडी उडाली. लाल पट्टी आली.

वहिनीचा चेहरा एकदम उतरला. "अवं बाई," ती हळूच म्हणाली.

दादा पुढे वाकला आणि डोळे बारीक करून पट्टीखालचं वाचायला लागला. मीही वाचलं. तिथं 'लेट' लिहिलं होतं. दादा मागे रेलून इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आउट झाले, अन् हासून काय राह्यले?" वहिनी वैतागली.

"हात नाई मागं राह्यला माहा," दादा म्हणाला. "हा टीव्ही मागं राह्यला."

त्या दिवशी पहिल्यांदाच तो वेळेवर पाटावर बसला, आणि निरांजनात तेल शिल्लक होतं. मी त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यानं खिशातून शेवंतीचा गजरा काढला. तो त्यानं स्वतः ओवलेला होता, दोन-तीन ठिकाणी दोरा दिसत होता. उजव्या हातानं धरून त्यानं तो माझ्या ताटात ठेवला. मी गजऱ्याकडे पाहिलंच नाही. अंगठा पहिल्या सांध्यातून वाकला होता, चांगला वाकला होता.